पडद्यावरचें घर

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं दिवेलागणीनंतरचा एखादा तास दूरदर्शनच्या पडद्यापुढें जातो, आणि त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्याही घरीं तो जातो. आमचें कुटुंब नऊ माणसांचें. वृद्ध मातोश्रींपासून शाळेंत जाणाऱ्या नातीपर्यंत सर्वजण एका खोलींत बसतात, असा दिवसांतील हा एकच प्रसंग. म्हणून या करमणुकीला नाकें मुरडण्याची आमची इच्छा नाहीं.

२०२१ सालच्या पावसाळ्यांतील एका संध्याकाळची गोष्ट. 'आई कुठे काय करते!' ही मालिका चालू होती. जिच्या कष्टांवर सारें घर उभें आहे, पण जिच्याकडे घरांतील कोणाचेंही लक्ष नाहीं, अशा अरुंधती नांवाच्या गृहिणीची ती कथा. तिच्या नवऱ्याला आमच्या घरचे सर्व पुरुष एकमुखानें दोष देत होते, आणि त्या सर्वांत आमचा आवाज मोठा होता. तोच आवाज मध्येंच स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला, "अगं, एक गरम पोळी आण." नातीनें आमच्याकडे पाहिलें. ती हंसली नाहीं. तिनें सरळ विचारलें, "आजोबा, आजीनं ही मालिका कधी बसून पाहिली आहे का?"

पस्तीस वर्षें अध्यापन केल्यावर प्रश्नाची किंमत आम्हांस कळते. या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं. मात्र त्यानंतर महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या पुतणीला गुरुस्थानीं मानून आम्हीं निरनिराळ्या देशांच्या मालिका कांहीं पाहिल्या, कांहींविषयीं वाचून घेतलें. पडद्यावरचें घर खऱ्या घराला काय शिकवितें, एवढाच आमचा शोध होता. त्याचें फळ आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मम्मटाचार्यांनीं 'काव्यप्रकाशां'त उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेद प्रभूप्रमाणें आज्ञा करितात, पुराणें मित्राप्रमाणें समजावितात, आणि काव्य प्रिय पत्नीप्रमाणें गोडीनें मन वळवितें. हें वचन आम्हीं विद्यार्थ्यांना शेंकडों वेळां सांगितलें. पण या तिहींहून निराळा असा चौथा एक उपदेश आहे, हें आमच्या ध्यानांत उशीरां आलें. तो म्हणजे न बोललेला उपदेश. जें नाटकांत गृहीतच धरलेलें असतें, त्याचा.

उदाहरण दूर शोधावयास नको. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि राणी प्राकृत. ऋषीच्या आश्रमांत वाढलेली शकुंतला भर दरबारांत दुष्यंताला जाब विचारते, तीही प्राकृतांतच. कालिदासानें तिला अपार सहृदयतेनें रंगविलें. पण तिनें संस्कृतांत बोलावें, हें त्याच्या काळच्या संकेतांत बसणारें नव्हतें आणि कोणा प्रेक्षकालाही तें खटकलें नसावें. आम्हीं स्वतः वर्गांत शिकवितांना तिचें मूळ बोलणें ओलांडून खालची संस्कृत छाया तेवढी वाचीत असूं. म्हणजे तिची भाषा दुसऱ्यांदा हिरावून घेतली ती आम्हीं!

हा चष्मा डोळ्यांवर चढवून परदेशच्या मालिकांकडे पाहावें. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेनें 'ओशिन' ही मालिका १९८३ च्या एप्रिलपासून १९८४ च्या मार्चपर्यंत सकाळच्या वेळीं दाखविली. भाग पंधरा मिनिटांचा, एकूण भाग २९७, लेखिका सुगाको हाशिदा. गरीब कुळाची सात वर्षांची पोर तांदळाच्या मोबदल्यांत चाकरीला धाडली जाते, येथून कथेचा आरंभ होतो. पुढें सासुरवास येतो. सासूच्या जाचांत ओशिनचें अर्भक दगावतें. तरी ती मोडत नाहीं. ती घराबाहेर पडते, धंदा उभारते, बुडालेला पुन्हां उभारते. जपानांत सरासरीनें निम्म्याहून अधिक घरांत ही मालिका पाहिली जात असे. तिच्यांत गृहीत धरलेली गोष्ट ही कीं स्त्रीचें शौर्य म्हणजे सोसणें. परंतु दुसरीही एक गोष्ट त्या कथेनें सहजच गृहीत धरली होती: सोसणाऱ्या स्त्रीलाही हिशोब येतो, व्यापार येतो, आणि आपला निर्णय आपण घेतां येतो.

ही दुसरी गोष्ट कोठें जाऊन पोंचली पाहा. 'ओशिन' पुढें अनेक देशांत दाखविली गेली. इराणांत ती अतिशय लोकप्रिय झाली. १९८९ च्या जानेवारींत, पैगंबरकन्या फातिमा यांच्या जन्मदिनानिमित्त तेथील रेडिओवर आदर्श स्त्री कोण, असें विचारतां एका बाईनें ओशिनचें नांव घेतलें. सर्वोच्च नेते खोमेनी संतप्त झाले. रेडिओच्या अधिकाऱ्यांना शिक्षा फर्मावण्यांत आल्या. पुढें त्यांना माफी मिळाली. जपानी लेखिकेनें हें कधीं मनांतही आणलें नसेल. गोष्ट एकदां परक्या घरांत शिरली म्हणजे तेथील माणसें तिच्यांतून आपल्याला हवें तें उचलतात.

उपदेशाच्या हेतूनें लिहिलेल्या मालिकांना हाच अनुभव उलट बाजूनें आला. मेक्सिकोंत मिगेल साबिदो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत मालिकांच्या द्वारें साक्षरता व कुटुंबनियोजन यांचा प्रसार केला होता. तो कित्ता पुढें ठेवून आपल्याकडे ७ जुलै १९८४ रोजीं 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. भागाच्या शेवटीं अशोककुमार येऊन प्रेक्षकांशीं चार शब्द बोलत, हें आमच्या पिढीस आठवत असेल. आरंभींच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका झाला कीं प्रेक्षक कंटाळले व तो सौम्य करावा लागला. त्यांतील भागवंती ही सोशीक आई. तिची दशा पाहून स्त्रियांनीं सावध व्हावें, अशी योजना. परंतु अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनीं अभ्यास केला, तेव्हां असें आढळलें कीं पुष्कळ प्रेक्षकांनीं तिलाच अनुकरणीय मानलें होतें. धोक्याची खूण म्हणून लाविलेला कंदील लोकांनीं देव्हाऱ्यांत नेऊन ठेविला!

याच्या उलट ब्राझीलची कथा. तेथील ग्लोबो वाहिनीच्या मालिका कोणालाही लहान कुटुंबाचा उपदेश करीत नव्हत्या. पण १९६५ ते १९९९ या काळांतील मालिका अभ्यासकांनीं तपासल्या, तेव्हां पन्नाशीपर्यंतच्या प्रमुख स्त्री-पात्रांपैकीं ७२ टक्क्यांना मूल नव्हतें आणि २१ टक्क्यांना एकच होतें. जेथें जेथें या वाहिनीचें प्रक्षेपण पोंचलें, तेथें स्त्रियांना होणाऱ्या मुलांची संख्या घटली, असा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. लहान घर नुसतें रोज दिसत राहिलें.

आपल्या देशांतही असेंच घडलें. रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर यांनीं २००१ ते २००३ या काळांत पांच राज्यांतील ग्रामीण कुटुंबांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या खेड्यांत केबल पोंचली तेथें 'नवऱ्यानें मारलें तरी चालतें' असें म्हणणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. त्या काळच्या सासूसुनांच्या मालिकांना आम्हीं शिक्षकखोलींत बसून यथेच्छ नांवें ठेविलीं होतीं. त्यांतील भरजरी कारस्थानें आम्हांस दिसलीं. खेड्यांतील स्त्रीला मात्र बहुधा पुरुषांपुढें बोलणारी आणि न विचारतां घराबाहेर पडणारी बाई दिसली असावी. आम्ही नाक मुरडीत बसलों, आणि तिनें तेवढ्यांत आपला धडा घेतला.

आतां शेजारच्या देशाकडे वळूं. पाकिस्तानची 'जिंदगी गुलजार है' ही उमैरा अहमद यांची मालिका २०१२-१३ मध्यें तेथें व २०१४ मध्यें आपल्याकडे दाखविली गेली. तीन मुलीच झाल्या म्हणून नवऱ्यानें टाकलेली राफिया शाळेंत नोकरी करून त्या मुलींना शिकविते. तिची थोरली लेक कशफ सरकारी अधिकारी होते. ती शिक्षिका पाहतांना आम्हांस कोणीतरी परकी वाटलीच नाहीं. अशा एक-दोन बाई आमच्याच शाळेंत होत्या, आणि त्यांच्या घरची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं.

डेन्मार्कच्या 'बॉर्गेन' या मालिकेंत एक स्त्री पंतप्रधान होते. मालिका २०१० मध्यें सुरू झाली. १९११ पूर्वींची नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट ही कीं २०११ च्या ऑक्टोबरांत हेले थोर्निंग-श्मिट या खरोखरीच त्या देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. स्त्रीनें पक्ष चालवावा याचें त्या पडद्यावर कोणाला नवल वाटत नाहीं. पण घरीं मुलांचें कोण पाहणार, या प्रश्नावर तिचा संसार मोडतो. मग आमच्या मनांत आलें, कीं जपानच्या चुलीपासून डेन्मार्कच्या मंत्रालयापर्यंत कथा बदलली, पोशाख बदलला; परंतु प्रश्न एकच उरला. सर्वजण बसले असतां उठतें कोण?

हा प्रश्न घेऊन आम्ही पुन्हां आमच्या घरीं येतों. एका संध्याकाळीं आम्हीं मास्तरी संवयीप्रमाणें कागद-पेन्सिल घेतली व अर्ध्या तासांत कोण किती वेळां उठतें याची नोंद केली. आम्ही शून्य. चिरंजीव दोघे मिळून एक, तोही फोन घेण्यासाठीं. सूनबाई पांच. आमच्या कुटुंबाचे आंकडे लिहितां आले नाहींत, कारण ती बसलीच नव्हती. अरुंधतीची सारी कथा तिनें इतकीं वर्षें स्वयंपाकघराच्या दारांतून, फोडणीच्या आवाजांतून ऐकली होती. आम्ही ज्या पुरुषाला रोज शिव्या देत होतों, त्याच्याहून आमचा अपराध लहान असेल. पण जात एकच.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं जेवण मालिकेनंतर ठेविलें, आणि वाढण्याचें काम पुरुषांनीं घेतलें. सांगतांना सोपें वाटतें. पहिल्याच दिवशीं तूप कोणत्या फडताळांत असतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. मीठ समजून साखर वाढली गेली. मातोश्रींना हें मुळींच रुचलें नाहीं. त्या दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं मात्र आमच्या हातचा भात घेऊन "जरा मऊ झाला आहे" एवढेंच म्हणाल्या. सूनबाई अवघडून बसे. वाटी खाली झालेली दिसली कीं तिचा हात उठे. बसण्याचीही संवय लावावी लागते, हें आम्हांस माहीत नव्हतें.

आणि गृहिणी? तिनें त्या दिवशीं आरंभापासून शेवटपर्यंत एक भाग खुर्चीवर बसून पाहिला. संपल्यावर आम्हीं मोठ्या उत्सुकतेनें विचारलें, "कशी वाटली?"

"दारांतून ऐकतांना बरी वाटायची," ती म्हणाली. "बसून पाहण्यासारखी नाही. उद्यां मी त्या वेळीं वाचत बसणार आहे. वाढायचं तेवढं तुम्हीच बघा."

तेव्हांपासून तो अर्धा तास ती खिडकीजवळ पुस्तक घेऊन बसते. मालिका २०२४ च्या नोव्हेंबरांत संपली. वाढण्याचें काम आमच्याकडेच राहिलें आहे. तूप आतां हातीं लागतें.