जर-तर : शिवनेरीवरचा वारस

आत्याबाईला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटले असते! वर्गात ‘जर’ने सुरू होणारा प्रश्न आला की आम्ही मास्तरमंडळी ही म्हण पुढे करून सुटका करून घेतो. गेल्या वर्षीच्या सहलीत मात्र एका विद्यार्थिनीने माझी ती पळवाट बंद केली.

मंचर, नारायणगाव मागे टाकून आम्ही जुन्नरला पोहोचलो. शिवनेरीचे सात दरवाजे चढता चढता माझा श्वास फुलला. शिवजन्माची कथा मुलांना पाठच, म्हणून मी दुसरी काढली. १७९५ साली राघोबादादांचे चिरंजीव बाजीराव याच गडावर नाना फडणविसांच्या नजरकैदेत होते. वय अवघे वीस. पुण्यात गादीवर सवाई माधवराव, वय एकवीस. दोघांत चोरून पत्रे चालत. नानांना ती सापडली आणि पहारे कडक झाले. पुढे ऑक्टोबरात, दसरा होतो न होतो तोच, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले. तोल गेला की उडी घेतली, हा वाद चालूच आहे. २७ तारखेला ते वारले. पोटी मूल नाही. दिवाळी पंधरवड्यावर!

“सर, ते वाचले असते तर?”

मी म्हण काढणार, तोच ती म्हणाली, “बरं, नाही वाचले. पण दुसऱ्या दिवशी गादीवर कोण बसणार, हे कुणालाच कसं ठाऊक नव्हतं?”

खरा ‘जर’ हाच, हे मला तोवर सुचले नव्हते. बाजीराव नकोत म्हणून नानांनी यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक द्यायचा घाट घातला. बाजीरावांनी दौलतराव शिंद्यांकडे संधान बांधले. हे कळताच नानांनीच बाजीरावांना आणायला परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीवर धाडले. भाऊंनी गाईचे शेपूट हाती धरून शपथ वाहिली, तेव्हा कुठे मंडळी गड उतरली. तेवढ्यात शिंद्यांच्या कारभाऱ्याने डाव फिरवला आणि बाजीरावांचा पोरसवदा भाऊ चिमाजी यशोदाबाईंना दत्तक दिला. नाते पाहा : चिमाजी म्हणजे सवाई माधवरावांचा चुलत काका. सुनेने सासराच मांडीवर घेतला! आमच्या म्हणीतल्या आत्याबाई यापुढे फिक्या. अखेर १७९६ च्या डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले. त्या तेरा महिन्यांत कोणी कोणाचे उरले नाही. १८०० साली नाना गेले, १८०२ साली वसईचा तह झाला.

११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले. लोकसभेची निवडणूक महिन्यावर, देशात आणीबाणी. पण त्याच दिवशी उपराष्ट्रपती जत्तींनी कारभार हाती घेतला. निवडणूक ठरल्याप्रमाणे झाली, सरकारही बदलले. अहमद जगते तर काय झाले असते, यावर खुशाल तर्क लढवावेत. मतदानाचा दिवस मात्र त्यांच्या नाडीवर अवलंबून नव्हता. सवाई माधवराव आणखी दहा वर्षे जगते, तर माझ्या मते तेच भांडण दहा वर्षे पुढे गेले असते.

परतीला आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगाववरून भीमाशंकर केले. तिथले शिखर नानांनीच बांधविलेले. ती मुलगी बराच वेळ वर पाहत उभी होती. “इतका पुढचा विचार करणारा माणूस, सर...” एवढेच बोलली.

रात्री घरी ही सगळी हकीकत मी रंगवून सांगितली. सौभाग्यवती पान वाढता वाढता म्हणाल्या, “नानांचं राहू द्या. तुमच्या विम्याचे कागद कुठे ठेवलेत?”

मी अजून शोधतो आहे.