पोहरादेवीची गर्दी आणि तपास



'गर्दी हाच जनतेचा कौल' हे पत्र वाचले. लेखकाने दाखला दिला आहे २३ फेब्रुवारी २०२१ला पोहरादेवीत (जि. वाशीम) जमलेल्या गर्दीचा. पुण्यातील एका तरुणीच्या मृत्यूवरून आमच्या दिग्रसचे आमदार, तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड यांच्यावर आरोप झाले होते. त्यांनी ते नाकारले होते. करोनामुळे गर्दी टाळा, असे मुख्यमंत्री दोनच दिवसांपूर्वी सांगून चुकले होते. तरी राठोड पोहरादेवीला आले तेव्हा माणसे लोटली. आपल्या माणसाबद्दल माया असते, मान्य. पण तिथे जमलेल्यांपैकी तपासातले कुणाला काय ठाऊक होते? (विरोधकांनाही नव्हते; निकाल मात्र त्यांनी आधीच देऊन टाकला होता.) २८ फेब्रुवारीला राजीनामा झाला, ऑगस्ट २०२२मध्ये मंत्रिपद परत मिळाले. या दोन्हींत गर्दीचा कौल कोणता धरायचा?

पदावरील माणसाची चौकशीच नको, हे त्या पत्रातले म्हणणे तर भलतेच. घटनेच्या कलम ३६१चे फौजदारी संरक्षण राष्ट्रपती आणि राज्यपालांना आहे, तेही पदावर असेपर्यंत. मंत्र्यांना नाही.

पोहरादेवीच्या गर्दीवर मानोरा पोलिसांनी गुन्हे नोंदवले होते. त्यांचे पुढे काय झाले, तेवढे आपल्या वार्ताहराने शोधून छापावे.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)