दीक्षाभूमी आणि ड्रोनची धावपट्टी : सरकारी पैसा कुणाकडे चालला आहे?

३० मार्च २०२५, गुढीपाडवा. पंतप्रधान नागपुरात आले. दीक्षाभूमीवर जाऊन त्यांनी बाबासाहेबांना अभिवादन केले. त्याच दिवशी, त्याच शहरात, सोलर डिफेन्स अँड एरोस्पेस या खासगी कंपनीच्या आवारात त्यांनी मानवरहित विमानांसाठी बांधलेल्या १२५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद धावपट्टीचे उद्घाटन केले. लक्ष्यावर घिरट्या घालून त्यावर आदळणाऱ्या स्फोटक ड्रोनची चाचणी घेण्याची सोयही तिथेच आहे. पहिल्या भेटीचे फोटो आपल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले. दुसऱ्या भेटीवर चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती.

आम्ही मीरा रोडच्या नया नगर परिसरातले काही बौद्ध तरुण दर रविवारी वाचनासाठी बसतो. आमच्यातल्या एका मुलीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. तिला ड्रोन बनवणाऱ्या एका कंपनीतून मुलाखतीचा फोन आला. तिने विचारले, "लष्कराला ड्रोन देणारी कंपनी आहे. जाऊ का?" कुणी म्हणाले, नोकरी कुठे मिळते आहे, डोळे मिटून जा. कुणी म्हणाले, बुद्धाच्या अनुयायाने शस्त्राला हात लावू नये. दोन्ही उत्तरे घाईची होती, म्हणून आम्ही आधी माहिती गोळा केली.

ड्रोन कंपन्यांना सरकारी मदत मुख्यतः तीन वाटांनी मिळते. पहिली वाट थेट अनुदानाची. संरक्षण मंत्रालयाची 'आयडेक्स' योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तीत स्टार्टअपला दीड कोटी रुपयांपर्यंत, 'आयडेक्स प्राइम'मध्ये १० कोटींपर्यंत आणि २०२४ मध्ये आलेल्या 'अदिती' योजनेत २५ कोटींपर्यंत अनुदान मिळू शकते. दुसरी वाट उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोन आणि त्यांच्या सुट्या भागांसाठी तीन वर्षांकरिता १२० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढे अपवाद ठेवले. तिसरी वाट सर्वांत मोठी : सरकार स्वतःच गिऱ्हाईक होते.

या तिसऱ्या वाटेचे उदाहरण आपल्या शेजारी, नवी मुंबईतल्या महापे येथे आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीला जानेवारी २०२१ मध्ये लष्कराकडून सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली. जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ६७२ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. पुढे सरकारी खरेदी मंदावली, २०२४-२५ मध्ये कंपनी तोट्यात गेली आणि शेअर मूळ किमतीच्याही खाली आला. सरकारी ऑर्डर आली की हा धंदा उडतो आणि थांबली की बसतो, हे यातून दिसते. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्याने हे आधीच ओळखून ठेवावे.

नागपूरच्या सोलर समूहाचे 'नागास्त्र-१' ही पुढची पायरी आहे. ते पाळत ठेवणारे यंत्र नाही, सुमारे एक किलो स्फोटक घेऊन लक्ष्यावर आदळणारे शस्त्र आहे. लष्कराने ४८० नगांची मागणी नोंदवली आणि जून २०२४ मध्ये पहिले १२० नग पोहोचले. मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'नंतर तर ड्रोन हा घराघरातला शब्द झाला.

आता आपला प्रश्न. या पैशात आपण कुठे आहोत?

अनुसूचित जातींच्या तरुणांच्या नवउद्योगांसाठी बाबासाहेबांच्या नावाने केंद्राची एक योजना आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत एका उद्योगाला तीन वर्षांत ३० लाख रुपये मिळण्याची तरतूद होती, तीही भागभांडवल म्हणून. शेजारी आयडेक्सचे दीड कोटी ठेवून पाहा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यायचा आहे. पण त्याच धोरणाने शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे अशी संरक्षण सामग्री या राखीव वाट्यातून बाहेर ठेवली आहे. म्हणजे जिथे पैसा सर्वांत वेगाने वाढतो आहे, तिथेच आपल्या हक्काचा दरवाजा कागदावरही उघडा नाही.

मग कारखान्यात कोण असते? १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगाव येथे सोलरच्या स्फोटक कारखान्यात स्फोट झाला. नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. शेअरचा भाव सगळ्यांना पाठ असतो, या नऊ जणांची नावे किती जणांना सांगता येतील? सरकारी ऑर्डर देताना कामगारांच्या सुरक्षेची अट किती कडक असते, हे विचारण्याचा हक्क करदात्या नागरिकाला आहे.

आता धम्माची बाजू. अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत पहिला शस्त्रांचा आहे. हे स्पष्ट आहे आणि ते गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण बाबासाहेबांनी बुद्धाची अहिंसा समजावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, हेही तितकेच खरे. देशाच्या संरक्षणाला त्यांनी कधी तुच्छ लेखले नाही. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली, त्यामागे त्यांचा आग्रह होता. आणि त्याच बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना हिशोब मांडला : ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, मग उपाशी माणसासाठी काय उरते? सैन्य हवे, पण सैन्याच्या खर्चाचा जाबही विचारायला हवा, ही त्यांची भूमिका होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद आहे. हिशोब विचारण्याची गरज आज कमी झालेली नाही.

बाबासाहेबांचा हा फरक ड्रोनच्या काळात आणखी महत्त्वाचा ठरतो. इच्छा आणि गरज यांतला फरक माणूस करतो. यंत्राने स्वतःच लक्ष्य निवडले तर तो फरक कोण करणार? डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ देशांच्या पाठिंब्याने मंजूर झाला. विरोधात अवघी चार मते पडली आणि त्यांत भारत होता. बुद्धाची भूमी म्हणून जगभर मिरवणाऱ्या देशाने असे मत का दिले, हे आपण विचारले नाही तर कोण विचारणार?

शिवाय सीमेसाठी आलेले तंत्र सीमेवरच थांबत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभू सीमेवर शेतकऱ्यांच्या डोक्यावर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी पडली. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपल्या गर्दीवरही ड्रोनची नजर असते. नया नगरात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२४ मधल्या तणावानंतर दोनच दिवसांत इथल्या दुकानांवर बुलडोझर चालला. यंत्र कुणावर चालवायचे, हे ज्याच्या हातात सत्ता आहे तो ठरवतो. त्याच ड्रोनने २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात अडकलेली माणसेही शोधली होती, हे विसरू नये.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. संरक्षण उत्पादनातल्या लघुउद्योगांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ठरवावा, निदान सुटे भाग, देखभाल आणि प्रशिक्षणापासून सुरुवात करावी. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याचा सुरक्षा तपासणी अहवाल जाहीर करावा. आणि पोलिसांनी नागरिकांवर ड्रोन केव्हा, कुणाच्या आदेशाने वापरावा आणि चित्रीकरण किती दिवस ठेवावे, याचा कायदा करावा. यातले पहिले पाऊल आपल्या हातात आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.

त्या मुलीला आम्ही काय सांगितले? मुलाखतीला जा, पण प्रश्न घेऊन जा. कोणत्या विभागात काम आहे, पाळतीचे की स्फोटकाचे? शेती, पूर आणि मोजणीसाठीचे ड्रोन कंपनी बनवते का? मग निर्णय तू घे. ती गेली. परत आल्यावर काय ठरवले ते पुढच्या रविवारी सांगेन म्हणाली. आम्ही वाट पाहतो आहोत. तिने जे ठरवले असेल, ते विचार करून ठरवलेले असेल, एवढे आम्हाला पुरे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!