न्यायसहायक मानसशास्त्र : घरच्यांनी समजून घ्यावे असे एक क्षेत्र



बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. सी.ए., एम.बी.ए., संगणक आणि शेवटी ‘दुकान आहेच’, एवढ्या चार वाटांत ती बहुधा आटोपते. एखाद्या घरात मात्र कन्या सांगते, “मला फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकायची आहे,” आणि बैठक क्षणभर स्तब्ध होते. वडिलांच्या मनात पोलीस आणि तुरुंग येतात, आईला पुढे येणाऱ्या स्थळांची चिंता वाटते आणि मुलीच्या डोळ्यांसमोर एखादी वेब मालिका असते. या तिन्ही चित्रांत सत्याचा अंश थोडा आहे. म्हणून होकार वा नकार देण्यापूर्वी हे क्षेत्र नेमके काय आहे, ते पाहू.

महाराष्ट्र शासनाच्या प्रयोगशाळांना ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ असे नाव आहे. त्याच धर्तीवर या शाखेला न्यायसहायक मानसशास्त्र म्हणता येईल. नावातच कामाची मर्यादा सांगितली आहे. हा तज्ज्ञ न्यायाचा सहायक आहे. तो पोलिसांचा नाही आणि आरोपीचाही नाही. कृत्य करतेवेळी आरोपीला आपण काय करतो आहोत याचे भान होते काय, हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 खाली न्यायालयापुढे येतो. अत्याचार सोसलेल्या बालकाशी कसे बोलावे, घटस्फोटात मुलाचे हित कोठे आहे, असेही प्रश्न असतात. त्यांवर तज्ज्ञ आपले मत देतो. निर्णय न्यायाधीशांचाच असतो.

मताला एवढे महत्त्व का, हे एका प्रसिद्ध प्रयोगावरून कळेल. अमेरिकेत 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारले, “गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?” इतरांना ‘धडकल्या’ऐवजी ‘जोराने आदळल्या’ या अर्थाचा शब्द वापरून विचारले. एका आठवड्याने सर्वांना प्रश्न केला, “फुटलेल्या काचा पाहिल्या काय?” चित्रफितीत काचा नव्हत्याच. तरी सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जणांनी, तर तीव्र शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी ‘होय’ म्हटले. यांपैकी कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. प्रश्नातील एका शब्दाने स्मरणच बदलले होते. साक्षीदार प्रामाणिक असूनही साक्ष चुकू शकते, हे या शास्त्राने दाखवून दिले.

खोटे पकडणाऱ्या यंत्राविषयीही गैरसमज फार. पॉलिग्राफ श्वास, रक्तदाब, नाडी आणि त्वचेतील विद्युत्वहन मोजतो. त्यावरून मनाची खळबळ कळते, खोटेपणा प्रत्यक्ष कळत नाही. भेदरलेल्या निरपराध माणसाची नाडीही जलद चालते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले की, पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूलहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र तीतून मिळालेल्या माहितीमुळे पुढे काही वस्तू वा तथ्य हाती लागले, तर ते ग्राह्य ठरू शकते. या क्षेत्रात येणाऱ्याला यंत्राइतकाच कायदा ठाऊक असावा लागतो.

या कामातील जबाबदारीचे खरे वजन बालन्यायात जाणवते. बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 15 नुसार, 16 ते 18 वर्षे वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. असे कृत्य करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि ज्या परिस्थितीत ते घडले ती परिस्थिती, हे सारे त्यात पाहिले जाते. त्या मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालावा काय, हे पुढे त्यावर अवलंबून असते. मंडळावर बालमानसशास्त्र वा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञांचे साह्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या एखाद्या तज्ज्ञ मुलीच्या चार पानी अहवालावर उद्या एका सोळा वर्षांच्या मुलाचे उभे आयुष्य ठरू शकते. अहवाल घाईने लिहिला, किंवा कोणाच्या दबावाखाली लिहिला, तर त्याची भरपाई होत नाही.

व्यापारी कुटुंबांना हे शास्त्र वाटते तेवढे परके नाही. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी अभ्यासकाने विश्वासघाताने पैसा लाटलेल्या कैद्यांशी तुरुंगात प्रदीर्घ बोलणी केली आणि 1953 साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला तीन गोष्टी एकत्र आढळल्या : कोणालाही सांगता न येणारी पैशाची अडचण, विश्वासाच्या जागेमुळे मिळालेली संधी आणि ‘मी उसने घेतो आहे, परत ठेवीन’ अशी स्वतःची घातलेली समजूत. बँकेच्या नोकरीत अफरातफरीच्या चौकशा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे तिसरे वाक्य ओळखीचे वाटेल. पेढीवरचा जुना, विश्वासू माणूस एके दिवशी हिशेबात का चुकतो, याचे उत्तर केवळ वहीत सापडत नाही. त्यासाठी मनही वाचावे लागते.

आता शिक्षणाकडे वळू. बारावीनंतर मानसशास्त्रात बी.ए. किंवा बी.एस्सी. करावी. वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनाही अनेक ठिकाणी बी.ए.ला प्रवेश मिळतो. संबंधित विद्यापीठाचे नियम पाहावेत. त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. 2020 च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदवी आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्याचा अधिकार, या दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसऱ्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्या नोंदवहीत नाव यावे लागते. वर्षानुवर्षे ही वाट एम.फिल.मधून जात असे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तिची रचना बदलत आहे. म्हणून माहितीपत्रकातील आकर्षक नावावर न जाता परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव आहे काय, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे. सोबत शक्य झाल्यास कायद्याचा किंवा गुन्हेशास्त्राचा एखादा पदविका अभ्यासक्रम करावा.

कामाच्या जागा म्हणजे न्यायसहायक प्रयोगशाळांतील मानसशास्त्र विभाग, निरीक्षणगृहे, मनोरुग्णालये, कारागृहे, कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशन आणि कंपन्यांच्या गैरव्यवहार तपासाची कार्यालये. कारागृहात ज्यांना कामाची गोडी आहे, त्यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 1990 पासून चालू असलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प अवश्य पाहावा. शासकीय पदे जाहिरात निघेल तेव्हाच भरतात आणि काही कंत्राटी असतात. बारावीनंतर सहा-सात वर्षे शिक्षणात जातात आणि आरंभीचे उत्पन्न बेताचे असते. हा हिशेब मुलीसमोर स्पष्ट मांडावा. मात्र तो मांडताना तिच्या मनाचा कल हिशेबाबाहेर ठेवू नये. सुरुवातीची तीन-चार वर्षे तिला घराचा आधार देणे आपल्यापैकी अनेकांना सहज शक्य आहे. दुकान वाढवताना याहून अधिक काळ आपण धीर धरतोच.

‘आपल्या धर्मात हे बसते काय?’ असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतील. हिंसेचा विचार करताना तत्त्वार्थसूत्राने केवळ प्राणहरण पाहिले नाही, त्यामागील प्रमादही पाहिला. कृत्यामागचा भाव तपासण्याची दृष्टी आपल्याला परंपरेनेच दिली आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ या कषायांची नावे आपली मुले पाठशाळेत शिकतात. त्यांनी गांजलेल्या माणसासमोर बसून, द्वेष न ठेवता आणि भुलूनही न जाता, त्याचे म्हणणे सर्व बाजूंनी ऐकणे, हा अनेकांताचाच अभ्यास नव्हे काय? स्थळांच्या चिंतेविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की, असे काम निष्ठेने करणारी सून ज्या घराला नको असेल, त्या घराची चौकशी आपणच अधिक बारकाईने करावी.

अर्ज भरण्याची घाई मात्र करू नये. पित्याने कन्येसह एक दिवस जिल्हा न्यायालयात खुल्या सुनावणीला जाऊन बसावे. तेथील संथ कामकाज, तारखा, साक्षीदाराची तारांबळ आणि आरोपीच्या आईचा चेहरा दोघांनी पाहावा. घरी परतल्यावरही कन्येचा निश्चय कायम असेल, तर पुनर्वास परिषदेची यादी उघडून दोघांनी ती एकत्र वाचावी.