कानावर हात

बँकेतल्या माणसाने कुणाला जामीन राहू नये, हा सल्ला मी गेली वीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडच्या लोकांना फुकट देत आलो आहे. त्यामुळे प्रत्यक्ष माझ्यावर वेळ आली तेव्हा मी तो साफ विसरलो. भाचा म्हणाला, "मामा, रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकतो." मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "आपल्या धानाच्या कोठीत." लाखनीसारख्या गावात धानाच्या कोठीत धान ठेवावे, एवढी साधी गोष्टही मला त्या क्षणी सुचली नाही. मी सही केली.

मी बी. कॉम. झालेला असल्यामुळे संगीतातले मला काही कळत नाही, पण खर्चाची वही कळते. भाच्याची वही मी पाहिली. भिंतींना लावायचा काळा फोम, एवढे रुपये. निळे दिवे, एवढे रुपये. गोल फिरणारी खुर्ची. सलाइनच्या बाटलीसारखा वरून लटकणारा माइक. छताला चिकटवायला अंड्यांचे ट्रे. (या ट्रेने आवाज अडतो असे ज्याला वाटते त्याने एकदा आमच्याकडे यावे. शेजारची राईस मिल त्या ट्रेमधून अशी आत येते, जणू तिलाच गाण्याचे आमंत्रण आहे.) आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या अगदी तळाशी एक ओळ होती: 'किरकोळ, हेडफोनची वायर.'

माझे भांडण आहे ते या 'किरकोळ'शी.

झाले ते सांगतो. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वय वर्षे शहात्तर, हे दंडारीतले शाहीर. दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि मंडई म्हटली की रात्री दंडार आलीच. मोठेबाबांनी तिथे चाळीसेक हंगाम काढले. लाउडस्पीकर बंद पडला तर शेवटच्या रांगेतला माणूस उठून गेला नाही, असा त्यांचा गळा. त्यांची गाणी कुठेही लिहिलेली नाहीत. ती त्यांच्या डोक्यात आहेत, आणि डोके शहात्तर वर्षांचे आहे. म्हणून भाच्याला मी अट घातली की पहिले रेकॉर्डिंग त्यांचे.

खोली लहान. ढोलकी आणि गळा एकत्र घेतले तर माइकात नुसती ढोलकीच शिरते. म्हणून ढोलकी आधी भरून ठेवली आणि ती हेडफोनमधून ऐकत मोठेबाबांनी गायचे, मागे दोन झिलकऱ्यांनी झील धरायची, असे ठरले. हेडफोन चार: तीन साधे आणि एक जाडजूड जर्मन, भाच्याने नागपूरहून जुन्यात आणलेला. जर्मन अर्थातच मोठेबाबांना दिला. वडीलधारा माणूस, मान नको का द्यायला? आणि एका भोकाची चार भोके करणारी ती किरकोळ वायर यंत्राला खुपसून भाचा खुर्चीत गोल फिरला.

मोठेबाबा गायले. म्हणजे ओरडले. सूर वर चढला, ताल सुटला. दोनदा, चारदा, सहादा. झिलकऱ्यांच्या कानात ढोलकी धडाधडा वाजत होती आणि मोठेबाबा विचारत होते, "सुरू झाली का गा?" शेवटी भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, आबांना ऐकू कमी येतं." हे मात्र त्यांना ऐकू गेले. त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. "माजा गरा गेला गा," म्हणाले आणि घरी निघून गेले. त्या वर्षीच्या मंडईला बोलावणे आले होते. गेले नाहीत.

भाच्याला विचारावे तर त्याने कानावर हात ठेवले. माइक ठीक, फोम ठीक, दिवे ठीक, मग दोष म्हाताऱ्याचा. जगात ज्याची किंमत कमी लागली त्याच्यावर कुणी संशय घेत नाही, हे मी कॅशमध्ये असताना शिकलो आहे. मी त्या वायरवर संशय घेतला.

आता थोडा हिशेब. भिऊ नका, व्याजाएवढा कठीण नाही. प्रत्येक हेडफोनचा विजेला होणारा विरोध ओहममध्ये मोजतात. आमचे साधे तीन होते ३२ ओहमचे आणि मानाचा जर्मन २५० ओहमचा. चौघे एकाच वायरीवर लटकवले म्हणजे ते झाले जॉइंट अकाउंट. सगळ्यांना दाब सारखा, पण ज्याचा विरोध कमी तो जास्त उचलतो. एकेका झिलकऱ्याने मोठेबाबांच्या जवळजवळ आठपट वीज उचलली. ज्याला मान दिला त्याच्या हातात चिल्लर आली. आमच्या लग्नातही असेच होते म्हणा.

शिवाय यंत्राच्या तोंडाशीच एक विरोध बसलेला असतो. तो म्हणजे टीडीएस: तुमच्या हातात पडण्याआधीच कापलेला. समजा तो ३२ ओहम आहे. एकच ३२ ओहमचा हेडफोन लावला तर निम्मा दाब कानापर्यंत येतो. आमचे चौघे मिळून दहा-एक ओहमचेच होतात, तेव्हा पोचतो चौथा हिस्सा. म्हणून जाणकार सांगतात की हा तोंडचा विरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. ३२ ला ४. एवढे साधे त्रैराशिक, पण निळ्या दिव्यांच्या उजेडात ते कुणाला दिसत नाही.

उपाय काय, तर प्रत्येक हेडफोनला आपला स्वतंत्र छोटा ॲम्प्लिफायर आणि ज्याचे त्याचे बटण. हे मी चार लोकांत बोललो आणि चार शहाणे भेटले.

पहिला नागपूरला बर्डीवरचा एक दुकानदार. "किती वॅट पाहिजे?" म्हणाला. अहो, बहुतेक हेडफोन एका मिलिवॅटमध्ये, म्हणजे वॅटच्या हजाराव्या हिश्शात, कानठळ्यांच्या जवळ जातात. शंभर मिलिवॅट स्वच्छ मिळाले तर चौघांचे भागून उरते. पण मंडईतला डीजे ऐकून वाढलेल्या माणसाला हजारापेक्षा कमी आकडा सांगणे म्हणजे आहेरात अकरा रुपये घालणे.

दुसऱ्याने सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी सुचवल्या. त्याला मी आमच्या सोनेतारण विभागाचा पत्ता दिला.

तिसरा मात्र खरा. "पूर्वी कुठे होते हो हेडफोन? तेव्हा काय लोक गायले नाहीत?" गायले की! १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान भोंग्यात तोंड घालून गायल्या आणि जगाने ऐकले. पण तेव्हा वाजवणारा त्याच खोलीत होता. ठेका समोरून येत होता आणि स्वतःचा आवाज स्वतःच्या उघड्या कानात पडत होता. तुम्ही आज ढोलकीवाल्याला सोमवारी वाजवायला लावता, शाहिराला गुरुवारी बोलावता, वर त्याचे दोन्ही कान बंद करता. कान झाकले की स्वतःचा गळा मडक्यातून आल्यासारखा वाटतो, घरी दोन बोटे घालून पाहा. जे त्याच्याकडून काढून घेतले ते परत देणे हा उपकार नव्हे, देणे आहे. आणि देणे किरकोळ खात्यात टाकायचे नसते.

चौथा भाचा. "गाणाऱ्याला कशाला बटण? मी इथून ठरवतो ना." यावर मी काही बोललो नाही. जामीनदाराला बोलता येत नाही.

तयार चार भोकांचे ॲम्प्लिफायर मिळतात, महागही नसतात, पण मला आता चेव चढला होता. भंडाऱ्याला पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डब्यातून ५५३२ नावाची आयसी काढली. आठ पायांचा किडा, पोटात दोन ॲम्प्लिफायर. "ही ६०० ओहम ओढायला बनली," ते म्हणाले, "३२ ला दमते. बैलजोडी जुंपू." म्हणजे एकेका कानाला आयसीतली दोन्ही पोटे समांतर जोडायची, प्रत्येकीच्या तोंडाशी लहानसा रोधक. चार हेडफोनला आठ आयसी. बटणासाठी मी साधा पॉट नेला होता, तो त्यांनी फेकून दिला. कानाचा हिशेब सरळव्याजाचा नसतो. साध्या पॉटला सगळा आवाज पहिल्या पाव फेरीत येतो आणि उरलेली फेरी नुसती हौस म्हणून फिरवायची. 'लॉग' पॉट आणला. गुरगुर नको म्हणून सगळे धातूच्या डब्यात बसवायचे होते. आमच्या भंडाऱ्यात पितळेला काय तोटा? सौ.च्या आईचा पानाचा डबा कामी आला. (हे सौ.ला अजून माहीत नाही.)

मोठेबाबांना परत आणणे हे मात्र आयसीपेक्षा कठीण गेले. बहिरा ठरवलेला माणूस पुन्हा तपासणीला येत नाही. मी त्यांना सांगितले, डबा तपासायचा आहे, तुम्हाला नाही. आले. बसले. मी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. ढोलकी सुरू झाली. त्यांनी हळूहळू बटण फिरवले, मान एकदा हलली, आणि पहिली ओळ म्हटल्यावर त्यांनी एका कानावरचा हेडफोन मागे सरकवून तिथे उजव्या हाताचा पंजा धरला, मंडईत धरायचे तसा.

भाचा खुर्चीतून उठला. "आबा, हेडफोन काढू नका!" मी त्याला खांदा दाबून खाली बसवले. अरे, कानामागे पंजा धरला की आपला आवाज आपल्याच कानात वळतो. आठ आयसी नव्हत्या तेव्हापासून माणसे हाच ॲम्प्लिफायर वापरत आलीत.

मोठेबाबांनी डोळे मिटले होते. "हां, आलो गा मी," म्हणाले. भाच्याने रेकॉर्डचे बटण दाबायच्या आत दुसरे कडवे सुरूही झाले होते.