कर्करोगानंतरचे गर्भनिरोधन व आरोग्य तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक

महोदय,

आम्ही स्तनाच्या कर्करोगाचे उपचार आपल्याच रुग्णालयात घेतलेल्या महिला आहोत. याच विषयावरील आमच्या आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. उत्तर एकाही अर्जाला आलेले नाही. दिवाळीआधीच्या भेटीत ‘पुढच्या महिन्यापासून सोय करतो’ असे आपण स्वतः म्हणाला होता.

आमच्यातल्या बऱ्याच जणी तिशी-चाळिशीतल्या असून त्यांना पाच ते दहा वर्षे टॅमॉक्सिफेन घ्यायचे आहे. केमोनंतर पाळी थांबली की ‘आता काळजी मिटली’ असे घरचे म्हणतात, कधी ओपीडीतही तेच ऐकू येते. पाळी नसतानाही दिवस जाऊ शकतात आणि या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो, हे आपणास वेगळे सांगायला नको. पण विचारायला जावे कुठे? कर्करोग विभाग स्त्रीरोग विभागाकडे बोट दाखवतो, तिथून कुटुंब नियोजन कक्षात पाठवतात आणि कक्षातून पुढे केली जाते माला-एन किंवा अंतरा इंजेक्शन. ही दोन्ही साधने हार्मोनची, आमच्या आजारात वर्ज्य. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीला केसपेपर न पाहताच अंतरा दिले गेले. तिची लेखी तक्रार तेव्हाच दिली होती. चौकशीचे आश्वासन मिळाले, चौकशी झाली नाही. हार्मोनविरहित कॉपर-टी मागितली तर ‘आधी कर्करोगाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ म्हणतात आणि ते डॉक्टर ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणतात. या फेऱ्यांत गावाकडच्या बायकांची मजुरी बुडते. नवऱ्याच्या नसबंदीचा विषय तर या तीनही दारांत कोणी काढत नाही.

म्हणून कर्करोग ओपीडीच्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ तिथेच बसावेत, कॉपर-टी त्याच दिवशी बसवून मिळावी आणि प्रत्येकीच्या केसपेपरवर ‘हार्मोनयुक्त साधन देऊ नये’ असा ठळक शिक्का असावा. शिक्क्याला तरी निधी लागत नसावा.

उपचारानंतर अनेकींचे वजन वाढले आहे, काहींना मधुमेह निघाला आहे. साखर, कोलेस्टेरॉल व रक्तदाबाची तपासणी ठरावीक काळाने व्हावी. लेट्रोझोल घेणाऱ्यांच्या हाडांची घनताही तपासावी. आहारतज्ज्ञांनी भाकरी-भात खाणाऱ्यांना जमेल असा आहार सांगावा.

तोंडी आश्वासन आता नको. पंधरा दिवसांत तारखेसह लेखी उत्तर द्यावे, अन्यथा याच पोचपावत्या घेऊन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

आपल्या विश्वासू,
उपचार घेतलेल्या महिला
(सह्या सोबत जोडल्या आहेत)