विश्लेषण : आजीचा आवाज टिपायचा, तर लॅपटॉपला माइक कोणता जोडावा?

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मात्र या भाषेचा मोठा भाग आजही कागदावर नाही, तो बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे. जात्यावरच्या ओव्या, गावोगावच्या बोली, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी हे सारे टिपण्याचे साधन आता बहुतेक घरांत आहे. ते म्हणजे लॅपटॉप किंवा मोबाइल. अडते ते माइकपाशी. खिशात मावेल असा माइक निवडताना काय पाहावे, याविषयी...

पुण्यात या कामाची परंपरा काय?

पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या माध्यमातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साथीने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बहुसंख्य ओव्या हाताने लिहून घेतलेल्या आहेत; आवाज मिळतो तो काहींचाच. पुढे संगीत-संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि माहितीसाठ्याचे काम केले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करत आहे. त्यासाठी त्यांचे सहकारी पुन्हा गावांत गेले, तेव्हा काही गायिका हयात नव्हत्या. त्यांचे शब्द उरले, पण गळा उरला नाही.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे. त्यात वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बोलणाऱ्यांचे नमुने ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. संस्था हे काम प्रशिक्षित माणसे आणि चांगली यंत्रे घेऊन करतात. घरच्या माणसाला मात्र अनेकदा एकच संधी मिळते, आणि ती हुकली तर परत येत नाही.

लॅपटॉपला माइक असताना वेगळा कशाला?

लॅपटॉपमधला माइक सभेसाठी बनलेला असतो. समोरच्याला शब्द कळावेत, एवढेच त्याचे काम. त्यासाठी लॅपटॉपची प्रणाली आपणहून गोंगाट गाळते, आवाज कमी-जास्त करते. सलग येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा तिचा साधा हिशेब असतो. जात्याची घरघर तिला पंख्यासारखीच वाटते, म्हणून ती पुसली जाते आणि तिच्याबरोबर ओवीचा लांबवलेला सूरही पातळ होतो. शिवाय हा माइक कळफलक आणि आतला पंखा यांच्या शेजारी असतो. त्यामुळे वेगळा माइक जोडला तरी प्रणालीतली ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ किंवा ‘व्हॉइस आयसोलेशन’सारखी सोय बंद करणे, ही पहिली पायरी आहे.

महाग माइक की जवळचा माइक?

आवाजाचा एक नियम निवडीतला निम्मा प्रश्न सोडवतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. साधे बोलणे एक मीटरवरून ऐकले तर साधारण ६० डेसिबल भरते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. म्हणजे मर्यादा तंतोतंत पाळली गेली, तरी उघड्या खिडकीशी मीटरभर दूर ठेवलेल्या माइकला बोलणे आणि रस्ता यांत जेमतेम ५ डेसिबलचा फरक मिळतो. कर्वे रस्त्यावर किंवा बाजीराव रस्त्यावर राहणाऱ्यांना मर्यादा किती पाळली जाते, ते सांगायला नको.

तोच माइक तोंडापासून वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरवर आणला, तर बोलणे १४ डेसिबलने वाढते आणि रस्ता तेवढाच राहतो. दहा हजारांचा माइक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्यापेक्षा हजाराचा माइक पदराला लावलेला बरा, तो याच कारणाने.

लहान माइकचे पर्याय कोणते?

पहिला पर्याय कपड्याला चिमट्याने लावायचा कॉलर माइक. बोयाचा ‘बीवाय-एम१’ हा त्यातला परिचित. त्याची तार सहा मीटरची असते आणि आत एलआर-४४ हा बटणसेल लागतो. तो मुद्रणाआधी तपासावा, कारण सेल संपला की कॅमेरा-लॅपटॉपच्या जोडणीत आवाज येत नाही. दुसरा पर्याय लॅपटॉपच्या पडद्यावर अडकणारा किंवा टेबलावर उभा राहणारा छोटा यूएसबी माइक. सॅमसनचा ‘गो माइक’ किंवा रोडचा ‘एनटी-यूएसबी मिनी’ ही त्याची उदाहरणे. तिसरा, हातात धरायचा डायनॅमिक माइक. तो आकाराने मोठा, पण दूरचे आवाज कमी पकडणारा असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या ‘एटीआर २१०० एक्स’सारखे काही डायनॅमिक माइक थेट यूएसबीने जोडता येतात. चौथा, बिनतारी कॉलर माइक. तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो, ज्याला भारतात परवाना लागत नाही. मात्र वायफायही त्याच पट्ट्यात असल्याने दाट वस्तीच्या सोसायटीत आवाज मध्येच तुटू शकतो.

एकदिशी की सर्वदिशी?

सर्वदिशी माइक चहूबाजूंनी सारखे ऐकतो. एकदिशी समोरचे जास्त आणि मागचे कमी. बहुतेक कॉलर माइक सर्वदिशी असतात. मान वळली तरी बोलणे सुटत नाही, हा त्यांचा फायदा. दोघी समोरासमोर बसून गात असतील, तर त्यांच्या मध्ये ठेवलेला एक सर्वदिशी माइक दोघींना न्याय देतो आणि जात्यालाही. एकच माणूस आठवणी सांगत असेल आणि पाठीमागे रस्ता असेल, तर एकदिशी माइक बोलणाऱ्याकडे तोंड व रस्त्याकडे पाठ करून ठेवावा. कॉलर माइक नऊवारीवर किंवा ओढणीवर लावताना मंगळसूत्र, पोत आणि बांगड्यांपासून दूर लावावा. दागिन्याची घासर नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

ब्लूटूथ इअरफोन का नको?

ब्लूटूथ इअरफोनवर गाणे छान ऐकू येते, म्हणून त्याचा माइकही तसाच असेल, असा समज होतो. पण माइक सुरू होताच बहुतेक इअरफोन फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीवर जातात. त्यात जुन्या पद्धतीत सुमारे चार हजार आणि सुधारित पद्धतीत सुमारे आठ हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज शिल्लक राहतो. मराठीला याचा फटका जास्त बसतो. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च लिपीत एकच असले, तरी उच्चारात वेगळे आहेत. ‘चाक’मधल्या दंत्य च ची धार मुख्यतः वरच्या कंपनांत असते. ती कापली गेली की दोन्ही च एकमेकांजवळ येतात. अर्थ कळतो, बोली मात्र हरवते. बोलीसाठीच मुद्रण करायचे, तर हेच टाळायला हवे.

जोडणी कोणती पाहावी?

३.५ मिमीच्या पिनेवर दोन काळ्या रेषा असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाइलची, अशी साधारण खूण आहे. एकच छिद्र असलेल्या लॅपटॉपला सहसा तीन रेषांची पिन लागते. दोन रेषांचा माइक त्यात घातला, तर लॅपटॉप बहुधा आपला आतलाच माइक वापरत राहतो आणि हे तासाभराने कळते.

यूएसबी-सी माइकने हा घोळ टळतो. युरोपीय संघाने मोबाइलसारख्या उपकरणांसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी बंधनकारक केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आयफोननेही २०२३ मध्ये हीच जोडणी स्वीकारली. आज घेतलेला यूएसबी-सी माइक म्हणूनच लॅपटॉपला आणि बहुतेक नव्या फोनना दोन्हीकडे चालण्याची शक्यता मोठी आहे. तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन खरेदी करताना हाच प्रश्न आधी विचारावा. शक्य असल्यास आपलाच लॅपटॉप घेऊन जावे आणि दुकानातच अर्धा मिनिट मुद्रण करून ऐकावे.

मुद्रण करताना काय सांभाळावे?

पंखा, फ्रिज आणि शक्य तर चार्जरही बंद ठेवावा. चार्जरमुळे ५० हर्ट्झची बारीक गुणगुण येऊ शकते. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा. कुकरची शिट्टी आणि शाळा सुटण्याची वेळ टाळावी. रिकाम्या हॉलपेक्षा गाद्या-उशांची, कपड्यांच्या कपाटाची खोली बरी, कारण तिथे आवाज घुमत नाही. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी, म्हणजे हसू किंवा वरचा सूर फाटत नाही.

फाइल ‘वेव्ह’ स्वरूपातच ठेवावी. ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट, एकपदरी अशा मुद्रणाला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. आजच्या लॅपटॉपला ती जड नाही. व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांना छोटी प्रत पाठवावी, पण मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपावी.

सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि ‘हे मुद्रण पुढे कुणाला ऐकवले तर चालेल का?’ हा प्रश्न बोलणाऱ्याच्याच तोंडून उत्तरासह घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने घरगुती, वैयक्तिक वापर वगळला आहे. तरीही ‘भाषिणी’च्या ‘भाषादान’सारख्या उपक्रमांमुळे आवाज हीसुद्धा संगणकाला शिकवण्याची सामग्री झाली आहे. अशा काळात ही संमती पुढच्या पिढीचे अनेक प्रश्न सोडवते.

मग निवड नेमकी कशी?

एकटा माणूस, घरातला आवाज आणि तुटपुंजे बजेट असेल, तर तारेचा यूएसबी-सी कॉलर माइक घ्यावा. दोघे-तिघे किंवा गाणे असेल, तर सर्वदिशी सोय असलेला छोटा यूएसबी माइक. रस्त्यालगतचे घर असेल, तर हातातला डायनॅमिक. शेतात, वारीत किंवा चालत्या माणसाबरोबर काम असेल, तर बिनतारी, पण सोबत फोनवर दुसरे मुद्रण सुरू ठेवून. ‘३२ बिट फ्लोट’ असे लिहिलेली नवी यंत्रे फाटलेला आवाज बऱ्याच अंशी वाचवतात. दूर ठेवलेला माइक ती जवळ आणू शकत नाहीत.

यांतले काहीच हाताशी नसेल, तर मोबाइल घडी केलेल्या रुमालावर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवून आजच मुद्रण करावे. माइक पुढच्या महिन्यातही घेता येतो. ऐंशी वर्षांच्या आवाजाबाबत तशी खात्री देता येत नाही.